पावाच्या भट्टीतले ट्रान्सफॉर्मर

नाना पेठ, पुणे
१४ जुलै १९७४

हाफीजभाई, सलाम.

अक्षर ओळखलं असशील, तेव्हा पत्र फाडू नकोस. पत्ता कुठून मिळाला म्हणून डोकं खाजवत बसू नकोस, सांगूनच टाकते. आपल्या बेकरीला खमीर विकणारा तो चष्मेवाला फेरीवर मिरजेपर्यंत जातो आणि त्याच्या पोटात एक गोष्ट टिकत नाही. "तुमचा हाफीज तिथे एका बेकरीत पीठ मळतोय, तब्येत बरी आहे," असं त्यानं अम्माला हळूच सांगितलं. अम्मानं मला सांगितलं. अब्बांना कुणीच सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी खमीरवाल्याला दोनदा चहा पाजला.

मला मात्र तुझा राग आला. पौड सोडून गेलास, मला वाटलं जहाजावर जाणार, साहेब होणार. आणि गेलास कुठे, तर दुसऱ्याच्या बेकरीत! मग घरचं पीठ काय वाईट होतं?

जत्रेच्या आदल्या दिवशी तू पिरंगुटला तंबूतला सिनेमा बघायला गेलास आणि भट्टीत लाकडं घालायची राहिली, हे खरं. विटांची भट्टी एकदा गार पडली की पावाजोगी तापायला दोन दिवस घेते, हेही खरं. जत्रेत आपल्या दुकानात पाव नव्हता आणि लोक हसले. पण "भट्टी इझवणारा पोरगा माझा न्हाई" हे अब्बा रागात बोलले आणि तू ते खरं धरून निघून गेलास. वर्ष उलटलं. आधी कोण बोलणार यावर अम्मा आणि मी पैज लावायचो, तीसुद्धा आता सोडून दिली आहे.

आता माझी बातमी. मला नोकरी लागली! रहिमतबी मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रेडिओचा कारखाना आहे. तिथे तारांच्या कामाला मुलीच घेतात. तू गेल्यावर अब्बांना कारागीर ठेवावा लागला, त्याचा पगार निघेना, म्हणून मॅट्रिक झालेल्या पोरीला मावशीकडे ठेवायला ते तयार झाले. म्हणजे माझ्या नोकरीचं श्रेय तुझ्या सिनेमाला. दिवसभर मी गरम सळईनं केसाएवढ्या तारा जोडते. पहिल्या आठवड्यात तारा कमी आणि बोटं जास्त भाजली.

उत्तर लिही. नुसतं "बरा आहे" लिहिलंस तरी चालेल.

तुझी सुलताना


नाना पेठ, पुणे
३ ऑक्टोबर १९७६

हाफीजभाई,

दोन वर्षांत माझी एवढी पत्रं गेली आणि तुझं एकही नाही. पोस्टमन आता मला बघून रस्ता बदलतो. असो. मी लिहिणार. मला बोलायला कुणीतरी लागतं आणि तू मध्येच तोंड घालत नाहीस, हा एक फायदा आहे.

मला वरच्या टेबलावर घेतलं. हे टेबल म्हणजे कारखान्यातला दवाखाना. तयार झालेला पण न वाजणारा रेडिओ इथे येतो आणि का वाजत नाही ते शोधायचं असतं. टेबलाच्या प्रमुख रंभाबाई. मूळच्या आपल्या भरे गावच्या, म्हणजे आपल्याच मुलखातल्या. तोंडानं तिखट, हातानं लोणी. तार गुंडाळून कॉईल करायची, तर त्या म्हणतात, "येणी घालतीस ना? तसा ताण ठिव. येक पेड ढिला पडला की समदी येणी गेली." मला वेणी घालता येत होती, तेवढ्या भांडवलावर मी वाइंडिंग शिकले.

एक गंमत सांगते. रेडिओ बिघडला की माणसं त्याला आधी चापट मारतात. आम्ही तसं करत नाही. आधी वास घ्यायचा. जळलेल्या कॉईलचा वास वेगळा, तापलेल्या बॅटरीचा वेगळा. मी बेकरीवाल्याची मुलगी, मला वास शिकवायला लागला नाही. रंभाबाई म्हणाल्या, "ही पोरगी नाकानं रिपेअरी करती." ते ऐकून मला इतका आनंद झाला, की मावशीकडे जाताना उगाचच लांबून गेले.

रविवारी पौडला होते. अब्बांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नाक हाय तर पाव करपलेला का कळत न्हाई तुला?" म्हणजे खूश होते.

सुलताना


पौड, ता. मुळशी
२२ जुलै १९७९

हाफीजभाई,

तुझं पत्र मिळालं! दोन शब्दांचं का होईना. "वाजत नाही."

ती चिठ्ठी रेडिओला दोऱ्यानं बांधली होती आणि रेडिओ मिरजेहून एसटीच्या पार्सलानं आला. वर पत्ता: गनी बेकरी, पौड. पाठवणाऱ्याचं नाव नाही. पण "वाजत"मधला तुझा तो पोट सुटलेला 'व' मी आंधळी झाले तरी ओळखीन.

कारखान्यात बाहेरून तयार भाग येऊ लागले आणि आमची सगळी वाइंडिंगची रांग घरी पाठवली, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं. रडले दोन दिवस. मग अब्बांच्या दुकानात बरण्या सरकवून एक टेबल टाकलं. अब्बा म्हणाले, "चार दिस बस, मग बगू." ते चार दिवस अजून चालू आहेत. आणि निकाहही झाला, तेही तुला लिहिलं होतं. पुणे-पौड गाडीवरचा कंडक्टर अलाउद्दीन. तो गिऱ्हाइकांचे बंद पडलेले रेडिओ सीटखाली ठेवून माझ्याकडे आणायचा. एवढे रेडिओ बिघडतात तरी कसे, असा मला प्रश्न पडला होता. पुढे कळलं, अर्धे तोच बिघडवून आणत होता.

तर तुझा रेडिओ. उघडला आणि हसूच आलं. स्पीकरवर मैद्याचा थर! म्हणजे तू तो परातीशेजारी ठेवतोस. स्टेशन बदलायची किल्ली डालड्यानं बुळबुळीत, म्हणजे खारी लाटता लाटता गाणी बदलतोस. आत कागदाची घडी घालून सेल घट्ट बसवलेत, म्हणजे कंजूषपणा तसाच आहे. तू सहा वर्षं काही लिहिलं नाहीस, तुझ्या रेडिओनं एका दुपारी सगळं सांगितलं.

साफ करून, एक तार जोडून परत पाठवते आहे. मैदा अम्मानं बोटावर घेऊन बघितला आणि पदरानं डोळे पुसले.

सुलताना


पौड
१२ ऑक्टोबर १९८०

हाफीजभाई,

या पत्रासोबत तुझे तीन रेडिओ येत आहेत. एक तुझा, दोन तुझ्या बेकरीतल्या लोकांचे. तुझ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवते. "खरखर." "पुन्हा खरखर." किती बोलतोस रे!

इथे गणपतीत मोठा तमाशा झाला. अम्मा म्हणते लिहू नकोस. लिहितेच.

कोळवणचे गेणबा आहेत, भाताचे मोठे शेतकरी. लग्नात आहेर पुकारायचा त्यांचा लाऊडस्पीकर साऱ्या खोऱ्यात जातो. "मामांकडून पातेलं एक" हे दोन गावांना ऐकू गेलं नाही, तर मामा जेवायला बसत नाहीत. आता आपल्याकडचा पाऊस तुला माहीत आहे. भिंतीला शेवाळ, तर मशीन कसं कोरडं राहणार? गेणबांनी अक्कल लढवली. त्यांनी ॲम्प्लिफायर भाताच्या कणगीत पुरून ठेवला. म्हणाले, "भात कोरडं ऱ्हातंय, मग मशीन का न्हाई ऱ्हाणार?" भात पावसाळ्यात घाम सोडतं हे त्यांना माहीत होतं, पण मशीनला ते लागू होईल असं वाटलं नाही. वर तूस त्याच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे तारेच्या मोठ्या गुंडाळीत शिरलं. चालू करताच भडका.

मी नवं वाइंडिंग केलं. पण गुंडाळलेली तार वॉर्निशमध्ये बुडवून वाळवावी लागते आणि या हवेत कपडे वाळत नाहीत तिथे वॉर्निश कसलं वाळतंय? गणपती तोंडावर. बघितलं, तर दुपारी पाव निघाल्यावर भट्टी मंद ऊब धरून होती. हाच तो ताव! ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर ठेवून आत सरकवला, शेजारी आणखी दोन ठेवले.

भट्टीत पुढच्या बाजूला अब्बांनी टोस्ट सुकायला लावले होते. ते मी बघितलंच नाही.

ट्रान्सफॉर्मर झाले फर्मास. पण गौरीच्या पाहुण्यांना सगळ्या पौडनं वॉर्निशचा टोस्ट खिलवला. सकाळी शेजारच्या गोजराबाई दारात. "गनीभाई, टोस्टाला पालिश मारलंय का? आमच्या येहीणबाई इचारत्यात, कपाटाचं हाय का खायाचं?" अब्बांनी मला जे सुनावलं ते लिहीत नाही. शेवट असा होता: "लोखंड भाजायचं आसल तर लोहाराकडं जा!"

मी टेबल आवरायला घेतलं. वाटलं, संपलं. आठवडाभर अब्बा माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी बघते तर ते चिखल कालवून विटा रचतायत. भट्टीच्या कुशीला एक छोटा कप्पा, वेगळ्या दाराचा, वेगळ्या धुराड्याचा. हात धुता धुता म्हणाले, "ह्यी तुझ्या लोखंडाची खोली. माझ्या टोस्टाकडं फिरकायचं न्हाई."

भाई, त्यांना "चुकलं" म्हणता येत नाही. ते विटा रचतात. तुझ्यासाठी त्यांनी काय रचलंय ते तू येऊन बघत नाहीस, म्हणून सांगते: तुझी झोपायची पडवी त्यांनी दोनदा शाकारली.

सुलताना


पौड
९ ऑगस्ट १९८३

हाफीजभाई,

आज थट्टा कमी, कामाचं जास्त.

आधी आनंदाचं. दुकानाला पाटी लागली. वर 'गनी बेकरी', खाली 'सुलताना कॉईल वर्क्स. पावसानं बंद पडलेलं दुरुस्त करून मिळेल.' गेणबा म्हणाले, "मग माझा बैल बी घेऊन येतो." साधी दुरुस्ती मी आता घेत नाही. सेल बदलायला आणि किल्ल्या बसवायला घोटावड्यात माणसं आहेत, त्यांच्याकडे पाठवते. माझ्याकडे फक्त ओल लागलेलं आणि जळलेलं. टीव्ही आल्यापासून तर चंगळ आहे. पावसाळ्यात टीव्हीचा आतला मोठा ट्रान्सफॉर्मर ठिणग्या टाकतो, तो पुण्याचे दुकानवालेसुद्धा माझ्याकडे धाडतात. मावळातून, वेल्ह्यातून मांडववाले लाऊडस्पीकरची मशीनं घेऊन येतात. कारखाना सुटल्यावर गावी परतलेल्या रंभाबाई आता रोज भऱ्याहून येतात आणि माझ्या टेबलावर बसून मलाच रागावतात. मला कधी वाटलं नव्हतं, की आपल्या पौडात बसून असं काम करता येईल. सकाळी कुलूप काढताना मला अजून हसू येतं.

आता दुसरं. अब्बांचे गुडघे गेले. भट्टीपुढे वाकलं की उठायला भिंत लागते. कारागीर टिकत नाहीत, सगळे कारखान्यांत जातायत. अब्बांनी सांगितलंय, दिवाळीपर्यंत बेकरी, मग भट्टी बंद.

भट्टी बंद झाली तर माझंही काम बंद. विजेच्या दिव्यांची पेटी करून वाळवता येतं, मी करून बघितलं. पण आपल्याकडे पाऊस आला की आधी वीज जाते, आणि मला ऊब नेमकी तेव्हाच हवी असते. अर्धवट वाळलेलं वाइंडिंग गिऱ्हाइकाच्या हातात देणं मला जमणार नाही. अब्बांना हे बोलले नाही. त्यांचे गुडघे बघून कसं बोलू?

म्हणून तुला सरळ विचारते. घरी ये. भट्टी सांभाळ. मला तुझ्या दयेची गरज नाही, मला भट्टीवाल्याची आहे, आणि तुझ्यापेक्षा बरा भट्टीवाला मला माहीत नाही.

मी अब्बांपाशी विषय काढला होता. म्हणाले, "त्यो त्याच्या पायानं ग्येला. मी बोलवायचा न्हाई." तू म्हणशील, बोलावल्याशिवाय येणार नाही. तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात. दहा वर्षं झाली, मला आता तुमचा दोघांचा कंटाळा आलाय. आणि आठवणही फार येते रे.

सुलताना


पौड
१२ फेब्रुवारी १९८४

हाफीजभाई,

तू आला नाहीस. दिवाळी गेली. अब्बा म्हणाले संक्रांतीपर्यंत, मग म्हणाले उन्हाळ्यापर्यंत. तोंडानं बंद म्हणतात आणि लाकडाची गाडी मागवतात. पण गेल्या महिन्यात ते भट्टीपुढे बसले ते बसलेच, अलाउद्दीननं उचलून आत नेलं. तेव्हापासून रंभाबाई आणि मी लाकडं घालतो. पाव कधी पांढरा निघतो, कधी काळा.

परवा तुझा रेडिओ आला. चिठ्ठी: "अजिबात वाजत नाही."

अब्बा माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. रेडिओ कुणाचा ते त्यांनी विचारलं नाही, ते कधीच विचारत नाहीत. मी मागचं झाकण काढलं. झाकणाचा कोपरा तुटलेला आणि आत दुकानच मांडलेलं! चिंचोके. मोरपिसाचा तुकडा. एक बांगडी, काचेची, हिरवी, एवढी लहान की माझ्या दोन बोटांत बसेना. आणि नानकटाईचा अर्धा तुकडा, एका बाजूला दातांच्या इवल्या खुणा.

भाई, तू मला काही सांगितलं नाहीस. लग्न कधी केलंस? कुणाशी? मी इथे दहा वर्षं घरचं इत्थंभूत लिहिते आणि तू मला आत्या केल्याचं एका तुटक्या झाकणातून कळवतोस? मी इतकी चिडले, की मला रडू आलं, आणि रडता रडता हसू आलं.

अम्मा धावत आली. बांगडी बघितली आणि तिथेच जमिनीवर बसली.

अब्बांनी हात पुढे केला. बांगडी मागताहेत असं वाटलं, म्हणून मी ती दिली. त्यांनी ती अम्माच्या हातात ठेवली आणि पुन्हा हात पुढे केला. त्यांना नानकटाई हवी होती. उजेडात धरली, बोटानं मोडली, वास घेतला. मग कोपरा तोंडात टाकला. रेडिओतली, शिळी, कधीची कोण जाणे! आम्ही दोघी बघत राहिलो.

बराच वेळ चघळून ते म्हणाले, "भाजणी बराबर हाय." मग थोड्या वेळानं, "माझ्यापरास बरी हाय."

हाफीजभाई, मी त्यांच्या तोंडून कुणाच्याही भाजणीबद्दल असं कधी ऐकलेलं नाही. माझ्या बापानं तुला जे म्हणायचं होतं ते म्हटलं. मी ते जसंच्या तसं लिहिलं आहे, एक अक्षर पदरचं घातलेलं नाही.

रेडिओ दुरुस्त झालाय, छान वाजतोय. पार्सल बांधायला घेतलं तर अब्बा म्हणाले, "धाडू नगं. येऊन घेऊन जा म्हनावं." मी म्हटलं, "हे बोलावणं समजायचं का?" तर म्हणाले, "रेडिओचं हाय ते. तू लिव गप."

आज सकाळी अलाउद्दीनची गाडी स्टँडवर लागली होती. अब्बा काठी टेकत तिथवर गेले. भट्टीपुढून उचलून आणलं त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले. अलाउद्दीनला म्हणाले, "पुणं ते पौड, येक अर्ध तिकीट फाड." तो म्हणाला, "अब्बा, गाडी पुण्याकडं चाललीय. आणि अर्धं कुणाला?" अब्बा म्हणाले, "येईल तवा बसंल ती." अलाउद्दीननं समजावलं, बांगडीच्या मापावरून मूल लहान दिसतंय, तीन वर्षांखाली तिकीटच लागत नाही, आणि आजचं तिकीट उद्या चालतही नाही. अब्बा पायरीवरून हलेनात. सगळी गाडी खोळंबली. "माझी नात फुकट न्हाई यायची. फाड."

त्यानं फाडलं. ते तिकीट या पाकिटात आहे. घरी आल्यावर अब्बांनी ते माझ्यासमोर ठेवलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर नाव लिवायची सोय न्हाई. इचार त्येला."

मी म्हटलं, "काय विचारू?"

ते भट्टीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "पोरीचं नाव काय ठिवलंय त्यानं?"